सलाईनचं चाक

विंचू मी तीन दिवस लोणच्याच्या बरणीत ठेवला होता. झाकणाला खिळ्यानं दोन भोकं पाडली होती. लाल होता, बारका, माझ्या करंगळीएवढा. लोक मोठ्या काळ्या विंचवाला घाबरतात. घाबरायचं ह्या लालला असतं, हे खाणीवरच्या शेंबड्या पोरालापण माहीत.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता मी तो दत्ताराम शेठच्या डाव्या गमबुटात सोडला. बरणी शेडच्या मागं पत्र्याखाली सरकवली आणि चिरे रचायला लागले.

आमची खाण तळगावच्या सड्यावर, वरच्या उघड्या कातळमाळावर. खाण म्हणजे तांबडा चौकोनी खड्डा, तीन पुरुष खोल. मशीननं जांभा कापायचा, चिरे सुटे करायचे, वर आणून ट्रकात भरायचे. खाण शेठची, अंग आमचं. आम्ही जतकडची माणसं. बाप मेंढरांमागं गावाकडंच असायचा, आम्ही तिघं इकडं. आधी तिघं. मग मी आणि आई दोघीच.

शेठ आठला आला. नेहमीसारखा बाकड्यावर बसला, पायातले बूट काढले, उजवा गमबूट घातला. मग डावा.

ओरडला नाही. "आयला," एवढंच म्हणाला, हळू. गमबूट झटकला, विंचू खाली पडला, त्यानं तो टाचेखाली चिरडला.

मशीनवरचा हणमू पळत आला. "शेठ, लाल हाय ह्यो. दवाखान्यात चला."

"विंचवाला कसला दवाखाना? कांदा आण कापून. लोड भरून होऊ दे, मग बघू."

लोड भरून होऊ दे.

हेच शब्द. दोन वर्षांपूर्वी ह्याच माणसानं, ह्याच शेडसमोर, अगदी हेच शब्द काढले होते. तेव्हा खाली बसलेला होता माझा भाऊ.

बिरू एकोणीसचा होता. सकाळी नऊला चिरा उचलायला गेला आणि चिऱ्याखाली हात घातला. मी चौदाची. मी म्हणलं, शेठ, गाडी काढा. शेठ म्हणाला, "लोड भरून होऊ दे गो. गाडी खाली जायचीच आहे, तसाच सोडू त्याला." दोन तास गेले त्या लोडला. बिरू काजूच्या झाडाखाली बसून राहिला. घाम असा, की कुणी घागर ओतलीय डोक्यावर. मला म्हणत होता, "माये, चिरं मोज. किती ऱ्हायलं?" मी मोजून सांगत होते.

खाली मोने डॉक्टरचा खाजगी दवाखाना होता. आई तेव्हा गावाला गेलेली. बिरूच्या जवळ मीच. डॉक्टरनं सलाईनची बाटली लावली. बिरूचे हात गार, नाडी लागंना. तेवढ्यात शेठ आत आला, डॉक्टरला दाराशी घेऊन गेला आणि कानात काहीतरी बोलला. डॉक्टर परत आला आणि सलाईनच्या नळीवर जे बारकं पांढरं चाक असतं, ते अंगठ्यानं फिरवलं. थेंबांची माळ चालली होती, ती तुटली. मग टिप. मग कितीतरी वेळानं टिप.

हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. शेठ बोलला आणि बाटली बारीक झाली.

संध्याकाळी पाचला बिरू गेला.

दोन वर्षं मी हेच घोकत होते. शेठनं बाटली बंद करायला लावली, माझा भाऊ पाण्यावाचून मेला. आठवीच्या वर्गात एक पोरगा म्हणाला, "विंचवानं कुठं माणूस मरतंय? तुझा भाऊ प्याला असंल." मी कंपासपेटी फेकून मारली, त्याच्या कपाळाला तीन टाके पडले. सर म्हणाले माफी माग, नाहीतर वर्गात बसू नको. मी दप्तर उचललं आणि चालायला लागले. परत गेले नाही. शाळेत बसून मला कुठं शेठ दिसणार होता?

तर शेठ कांदा चोळत बसला आणि मी चिरे रचत बघत बसले.

मला क्रम पाठ होता. आधी घाम. साडेनऊला सदरा पाठीला चिकटला. मग ओकारी. दहाला शेडच्या मागं जाऊन ओकला, तोंड पुसून परत आला आणि हणमूवर खेकसला, "काय बघतोस? ओळ सरळ लाव." मग हातपाय गार पडतात. ते लांबून दिसत नाही, पण तो उन्हात बसून हात काखेत घालत होता, त्यावरून कळलं.

एक गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली होती, ती मी तशीच हाकलली. हा माणूस स्वतःसाठीपण गाडी काढत नव्हता.

अकराला लोड भरला. शेठ उठला आणि तिथंच गुडघ्यावर बसला.

त्याचा मुलगा निलेश पिकअप घेऊन आला. चौघांनी शेठला मागं चढवलं. निलेश ओरडला, "कोणीतरी बसा रे मागे, धरा त्यांना."

कुणी हलायच्या आत मी चढले होते. आई खालून म्हणाली, "नीट धर गं माये." तिला वाटलं पोरगी जीव लावणारी आहे. मला बघायचं होतं. पहिल्यापासून शेवटापर्यंत.

सड्यावरून खाली उतरताना शेठचं डोकं माझ्या मांडीवर आपटत होतं.

"पाणी दे," तो म्हणाला.

पाण्याची बाटली माझ्या पायाशी होती. "दवाखान्यात मिळंल," मी म्हणलं.

त्यानं डोळे उघडून बघितलं. "तू बिरूची बहीण ना?"

"व्हय."

त्यानं डोळे मिटले. मग सरकारी दवाखाना येईपर्यंत उघडले नाहीत.

मोने डॉक्टर तोवर दुकान आवरून मुलाकडं गेला होता. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काझी मॅडम नवीन आल्या होत्या. बारीक चणीच्या, सावळ्या, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं बांधलेली. त्यांनी शेठच्या हाताला, मग पायाला हात लावला. सिस्टरनं बीपी घेतलं.

"वरचं सत्तर, मॅडम."

"कधी चावला?"

"आठला," निलेश म्हणाला.

"आणि आता किती वाजले?"

निलेशनं घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, आधी सलाईन लावा. दोन लावा. दोन्ही हातांना."

"लावते. औषध द्यायला नळी लागेलच. पण पाणी किती सोडायचं ते ह्यांच्या हृदयाला विचारते आधी."

"हृदयाला काय विचारायचं? माणूस गार पडलाय, बीपी खाली आलंय. पाणी नको का?"

मी भिंतीला टेकून उभी होते. हे ऐकून माझ्या पोटात गोड वाटलं. खोटं कशाला बोलू. निलेश तेच म्हणत होता जे मी दोन वर्षांपूर्वी मोने डॉक्टरला म्हणलं होतं. आता तुझी पाळी, म्हणलं मनात. बघ बाटलीकडं. मोज थेंब.

मॅडमनी शिरेत सुई घातली, बाटली टांगली, आणि चाक अंगठ्यानं फिरवून अगदी बारीक ठेवलं. टिप. कितीतरी वेळानं टिप.

मग खिशातून दाढीच्या मशीनएवढी एक वस्तू काढली. तिची वायर टॅबला जोडली, टोकाला जेल लावलं आणि शेठच्या छातीवर डावीकडं टेकवलं. टॅबवर करडं काहीतरी हलायला लागलं.

"ही सोनोग्राफी," मॅडम म्हणाल्या. "बायकांची करतात तीच. हे हृदय."

मी पुढं झाले. मला कुणी बोलावलं नव्हतं. हृदय म्हणजे मला वाटलं होतं मूठ उघडते-मिटते तसं काहीतरी जोरात असंल. हे नुसतं थरथरत होतं. दमलेलं जनावर धाप टाकतं तसं.

"पाय वर करायचेत ह्यांचे," मॅडम म्हणाल्या. "पलंगाचं हँडल फिरत नाही. वॉर्डबॉय लॅबला गेलाय. तुम्ही मुलगा ना, तुम्ही नको." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू कोण गं?"

"खाणीवरची."

"ताकद आहे?"

"चिरे उचलते मी."

"मग ये. मी ह्यांचं डोकं खाली घेतलं की दोन्ही पाय असे तिरपे वर धरायचे. एक मिनिट. अजिबात हलवायचे नाहीत."

"पाय कशाला?" निलेश म्हणाला. "त्यांना श्वास लागतोय आणि तुम्ही पाय वर करताय?"

"ऐका. पायात रक्त साठलेलं असतं. पाय वर केले की ते पोटातून हृदयाकडे येतं. म्हणजे सलाईन न देता पाव-अर्धी बाटली दिल्यासारखंच. हृदयानं ते पुढे ढकललं, तर ह्यांना पाणी हवंय, मी धाडधाड सोडते. नाही ढकललं, तर पाय खाली ठेवायचे. रक्त जागच्या जागी परत. नुकसान काही नाही. सलाईन आत गेली की तशी परत काढता येत नाही."

त्यांनी टॅबवर बोट ठेवून काहीतरी मोजलं. "एका ठोक्याला किती ढकलतंय त्याचा आकडा, बारा," सिस्टरला म्हणाल्या. सिस्टरनं लिहिलं.

मी शेठचे पाय उचलले.

पाय गार, ओले. सकाळच्या चिऱ्यासारखे. डाव्या अंगठ्याच्या बाजूला तांबडा ठिपका, कांद्याचा वास. ठिपका बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आला. मी बघत राहिले. केलेलं काम मी कधी एवढ्या जवळून बघितलं नव्हतं.

"हलवू नको."

"न्हाई हलवत."

मॅडम टॅबवर. निलेश घड्याळावर. शेठ वर छताकडं.

"बारा," मॅडम म्हणाल्या. थोडं थांबल्या. परत मोजलं. "बाराच. ठेव पाय."

"म्हणजे?" निलेश म्हणाला.

"म्हणजे नको म्हणतंय."

त्यांनी ती वस्तू पोटावर, बरगड्यांच्या खाली ठेवली. "ही मोठी शीर, अंगातलं सगळं रक्त हृदयाकडे नेणारी. श्वासाबरोबर ती बारीक-मोठी व्हायला हवी. बघा, नुसती तट्ट फुगून उभी आहे." मग छातीच्या कडेला. टॅबवर वरून खाली पांढऱ्या रेघा पडल्या, कौलांच्या फटीतून कवडसे पडतात तशा. चार-पाच. "आणि हे फुप्फुस. ह्या रेघा म्हणजे पाणी. आत यायला लागलंय."

"कुठनं आलं पाणी? तुम्ही तर दिलंच नाही."

"ह्यांचंच. तुमचा धंदा काय?"

"चिरेखाण."

"पावसात खाण भरते?"

"भरते. पंप लावतो."

"पंप बसला आणि खाण भरत चालली, तर तुम्ही वरून अजून होज सोडता का?"

"नाही," निलेश म्हणाला.

"विंचवाच्या विषानं पंप बसतो. तो सुरू करायचं औषध मी देतेय, ते सिरिंजपंपातून थेंबथेंब जाईल. वरून पाणी सोडलं, तर ते सगळं फुप्फुसात. माणूस कोरड्या खाटेवर बुडतो. तोंडाला फेस येतो, गुलाबी. मग माझ्या हातात काही राहत नाही."



गुलाबी फेस मी बघितला होता. माझ्या ओढणीनं पुसला होता.

एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. आईला नाही, कुणालाच नाही. मोने डॉक्टर चाक बारीक करून बाहेर गेला, शेठही गेला. खोलीत मी आणि बिरू. बिरू म्हणाला, "माये, घसा सुकला." बाटली भरलेली, वर टांगलेली, आणि थेंब पडंना. मी स्टुलावर चढले. ते चाक वरच्या टोकापर्यंत फिरवलं. माळ नाही, धार लागली. मला एवढा आनंद झाला. बाटली अर्ध्या तासात संपत आली, तशी सिस्टरला दिसायच्या आत मी चाक परत होतं तिथं आणून ठेवलं. मला वाटलं, मी शेठला हरवलं.

मग बिरू खोकायला लागला.

दोन वर्षं मी म्हणत होते, मी उशिरा उघडलं. आधी उघडलं असतं तर वाचला असता.

"अगं, बस खाली," सिस्टर म्हणाली. "पांढरी पडलीस."

"मला काय झालंय," मी म्हणलं.

मॅडम मोठ्या हॉस्पिटलला फोन करायला बाहेर गेल्या. त्यांच्या फोनला व्हरांड्याच्या टोकालाच रेंज होती. सिस्टर औषधाच्या पंपापाशी एकदा बघून दुसऱ्या खाटेवरच्या बाईकडं गेली. निलेश बापाच्या उशाशी. शेठचे ओठ सुकले होते. "पाणी," तो म्हणाला.

निलेशनं इकडंतिकडं बघितलं. मग बाटलीकडं.

मला माहीत होतं तो काय करणार. जगात ते एवढं चांगलं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? तो उठला. पुटपुटला, "मॅडमचं शिक्षण मॅडमच्या घरी. बाप माझा मरतोय." आणि अंगठ्यानं चाक वर केलं.

धार लागली.

मी तिथंच होते, दोन हातांवर. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. विंचवानं जे अर्धं ठेवलं होतं ते निलेश स्वतःच्या हातानं पुरं करणार होता, आणि जन्मभर त्याला कळणारही नव्हतं. किंवा कळलं असतं. माझ्यासारखं एखाद्या दिवशी कळलं असतं. ह्याहून मोठा बदला मला सात जन्मात सुचला नसता.

मी बाटलीतले बुडबुडे मोजले. एक, दोन. मला बघायचं होतं ना? पहिल्यापासून शेवटापर्यंत? अठरा, एकोणीस. शेठ माझ्याकडं बघत होता. निलेशकडं नाही, माझ्याकडं.

एकतीसला शेठ खोकला.

तोच खोकला. कोरडा नाही, आतून ओला, कुणीतरी पखालीत बोलतंय तसा.

दया आली म्हणून सांगणार नाही. दया नव्हती. तो खोकला मला परत ऐकायचा नव्हता, बस. मी कधी उठले ते कळलं नाही. चाक खाली ओढलं. निलेशनं माझं मनगट धरलं.

"ए, सोड. कोण तू? तुझा काय संबंध?"

"हात काढ."

"थोबाड फोडीन. बाप आहे माझा."

मी त्याच्या हाताला चावले. चांगलं रक्त निघंपर्यंत. तो मागं पडला, स्टुल आडवं झालं, सिस्टर पळत आली.

"ह्यानं बाटली सोडली," मी म्हणलं. "पूर्ण. एकतीस बुडबुडे गेलेत."

मॅडम आल्या. परत छाती तपासली. टॅब निलेशसमोर धरला. रेघा सात-आठ झाल्या होत्या. निलेश बघत राहिला. मग खाली बसला आणि डोकं धरलं.

"बाटलीपाशी हिला बसू दे," मॅडम म्हणाल्या.

ॲम्ब्युलन्स दीड तासानं आली. दीड तास मी त्या चाकावर अंगठा ठेवून उभी होते. मॅडम मधूनच टॅबवर बघायच्या आणि आकडा सांगायच्या. बारा. तेरा. औषध वाढवलं. पंधरा. ॲम्ब्युलन्समध्ये घालताना म्हणाल्या, "आता पंप उचलतोय." मला म्हणाल्या, "अंगठा काढ आता."

अंगठ्यावर चाकाच्या खाचा उठल्या होत्या.

शेठ वाचला.

तीन आठवड्यांनी तो आमच्या झोपडीवर आला. चालत, काठी घेऊन, निम्मा झालेला. हातात पिशवी. आई बाहेर आली, पदर सारखा केला, मला म्हणाली, "माये, पाट दे शेठना."

मी पाट दिला. शेठ बसला. पिशवीतून नारळ आणि लुगडं काढून आईच्या पुढं ठेवलं.

"तुझ्या पोरीनं मला धरून ठेवला," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडी सलाईन गेली असती तर मी नव्हतो."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही.

"एक सांगायचं होतं," शेठ म्हणाला. आईशी बोलत होता, पण बघत होता माझ्याकडं. "बिरूच्या वेळी मी मोने डॉक्टरला बाजूला घेऊन म्हटलं होतं, डॉक्टर, दोन बाटल्या लाव, चार लाव, लागेल ते लाव, पोरगा वाचला पाहिजे. तो म्हणाला, उलट कमी करतो, पाणी त्याला मारील. मला तेव्हा पटलं नव्हतं. वाटलं म्हाताऱ्याला काही येत नाही. आता स्वतःवर आल्यावर कळलं."

आई म्हणाली, "तुमी तरी काय करनार, शेठ."

मी म्हणलं, "आणि गाडी?"

"माये," आई म्हणाली.

"दोन तास गाडी उभी ठेवलीत ती?"

शेठ काठीच्या टोकानं मातीत रेघ ओढत राहिला. "माझ्यासाठी तरी कुठं काढली?" तो म्हणाला. "विंचवानं माणूस मरतो, हे मला खरंच वाटत नव्हतं. बिरू गेला तरी वाटत नव्हतं. म्हटलं, त्याला दुसरं काहीतरी असेल. तसं म्हटलं की झोप लागते."

मला त्याला शिवी द्यायची होती, ती तोंडात आली आणि तिथंच बसली.

तो उठला. निघताना पिशवीत परत हात घातला आणि एक बरणी काढून पाटावर ठेवली. काचेची, लोणच्याची. झाकणाला दोन भोकं.

"ही तुमची ना? शेडच्या मागे पत्र्याखाली होती."

"अगंबाई," आई म्हणाली, "हिला तर मी महिनाभर हुडकत्येय. झाकनाला भोकं कुनी पाडली?"

शेठनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. मी पण डोळे खाली घेतले नाहीत. घेतले असते तर त्याला कळलं असतं, असं काही नव्हतं. त्याला कळलेलंच होतं.

"खाणीवर असतात पोरं," तो म्हणाला. "येतो मी. गमबूट आता झटकून घालतो."

आणि गेला. निलेशला काही सांगितलं नाही, पोलिसांना नाही, कुणालाच नाही. पुढच्या आठवड्यात शेडमधे एक कागद चिकटवला होता, हणमूच्या अक्षरात: विंचू चावला तर लोड टाकून गाडी काढायची. कुणालाही विचारायचं नाही.

शेठ दिसेनासा झाल्यावर आई बरणी हातात घेऊन उंबऱ्यात बसली. पदरानं पुसत होती.

"बिरूच्या बाटलीवर," ती म्हणाली, "असाच कुनीतरी अंगठा ठिवून बसाया पायजे हुता."

मी म्हणलं, "दे इकडं, मी धुऊन आनते."

नळावर जाऊन मी बरणी घासली. राखेनं, मग साबणानं, मग परत राखेनं. आत काही नव्हतं. आईनं दोनदा हाक मारली तरी मी घासत होते.

ह्याला तीन वर्षं झाली. आई अजून त्या बरणीत मीठ ठेवते. भोकांवर तिनं मेण बसवलंय. भाजीत मीठ कमी पडलं तर बरणीला मी हात लावत नाही, तिला घ्यायला लावते. ती नसली तर तशीच अळणी जेवते.